डाव्या गालाचा हिवाळा

सर्व संबंधितांना याद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, प्रस्तुत लेखिका वयाच्या अडतिसाव्या वर्षी, डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या हद्दीत, पुरेशा साक्षीदारांसमोर, वयात आली. याआधी ती वयात आल्याच्या ज्या बातम्या नातेवाइकांनी वेळोवेळी पसरवल्या त्या रद्द समजाव्यात. सदर घटनेच्या वेळी जमीन हलली, कौलं फुटली आणि कावळे उडाले. यात कुणी अतिशयोक्ती शोधू नये, कारण त्याची नोंद सरकारदरबारी आहे. म्हणजे जमिनीची आहे, माझी नाही. माझी नोंद मलाच करावी लागते आहे. तलासरीच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक टेबलावर बसले. दुसऱ्यांचे कागद आले कधी, गेले कधी, एवढंच लिहीत आले. आता स्वतःचा एक कागद आवक करून घेते.

लोक आत्मचरित्रात सोळाव्या वर्षाबद्दल लिहितात. माझं सोळावं वर्ष अडतिसाव्यापर्यंत चाललं, त्याला मी काय करू? डहाणूत रेल्वे लाइनच्या पश्चिमेला, चिकूच्या वाडीला चिकटून आमचं घर. घरात आप्पा, आई, आप्पांची धाकटी बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. नोकरीला लागून पंधरा वर्षं झाली तरी सकाळी आई डबा भरायची, आत्या वेणी घालायची आणि आप्पा फाटकापर्यंत येऊन "जपून जा" म्हणायचे. आप्पा रेल्वेतून निवृत्त झाले होते, पण रेल्वे त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घड्याळाकडे न बघता ते गाड्यांच्या आवाजावरून वेळ सांगत. मालगाडी गेली की स्वयंपाकघरातली मांडणी किणकिणायची, खाटेखाली गवतात पिकत घातलेल्या चिकूंमधला एखादा घरंगळत बाहेर यायचा आणि आप्पा म्हणायचे, "अकरा पाच." आमचं घर दिवसातून वीस वेळा थरथरायचं आणि आम्ही जेवत राहायचो. तांदळाची भाकरी, चिंचणीहून आणलेल्या सुक्या बोंबलाची चटणी, आणि वर तो चिकूचा गोड, जरासा कुजका वास. हे थरथरणं वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

त्या घराची करमणूक म्हणजे मी. मला नकला येत. नुसता आवाज नाही, अख्खा चेहराच मी बदलून टाकायची. मला बघायला जी दीड डझन स्थळं येऊन गेली त्यांच्या नकला मी रात्रीच्या जेवणाला करून दाखवत असे, आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. एक होणाऱ्या सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, "मुलीचा चेहरा बोलका आहे हो, पण जरा जास्तच बोलतो." नकार आला. मला वाईट वाटलं नाही, कारण मला त्या सासूबाईंची हनुवटी मिळाली होती. ती मी पुढे पाच वर्षं वापरली.

मग एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण गळून साडीवर सांडलं. पुन्हा भरली, पुन्हा गळलं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मी आईला हाक मारली, तर शब्द भलताच निघाला. आईने वर बघितलं आणि हसायला लागली. "शैलू, सकाळी सकाळी कुणाची गं नक्कल?" आत्या वळली. "अगं, मागच्या आळीतले लकवा झालेले मास्तर! हुबेहूब!" आप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मी म्हणत होते, ही नक्कल नाही. पण ते वाक्यसुद्धा मास्तरांसारखंच येत होतं, त्यामुळे ते आणखी हसले. मी उभी. माझ्या तोंडाची एक बाजू ओरडत होती आणि दुसरी भिंतीवर टांगल्यासारखी लोंबत होती. मग आधी आईचं हसू थांबलं, मग आत्याचं. आप्पा बराच वेळ एकटेच हसत राहिले, आणि त्यांनाही कळलं तेव्हा घरात फक्त नळ वाहत होता. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. अजूनही नळ चालू राहिला की मी उठून बंद करते.

"वारं गेलं तोंडावरून," आत्या म्हणाली. आमच्याकडे अर्धांगाला असंच म्हणतात. डॉक्टरांनी दुसरं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, चेहऱ्याचे व्यायाम दिले, आणि सहा-आठ महिन्यांत बरंचसं परत येईल म्हणाले. आलंही. पण पहिल्या काही महिन्यांत डावा डोळा मिटायचा नाही. दुपारी मी झोपले की तो अर्धा उघडा राहायचा आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे तिच्याकडे बघत राहायचा. एकदा जाग आली तेव्हा ती माझ्या उशाशी बसून त्या डोळ्याशी हळू आवाजात बोलत होती. मी जागी झालेली तिला कळलंच नाही. ती विचारत होती, "उरलेली कुठे ठेवलीस?" नंतर तिने मला समजावून सांगितलं, अगदी बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. हे वारं समुद्रावरून येतं आणि डोंगराकडे जातं. वाटेत त्याला जे आवडेल ते उचलतं. तुझी अर्धी बाजू त्याने तिकडे तलासरीच्या अंगाला नेली असणार. "तू रोज तिकडेच तर जातेस. बघत जा, कुणाच्या तोंडावर दिसली तर."

मला सांगा, ज्या बाईला असं सांगितलं जातं तिने जीपमध्ये समोर बसलेल्यांकडे कसं बघायचं?

चेहरा परत आला, पण डॉक्टर म्हणाले, तारा थोड्या उलटसुलट जोडल्या गेल्यात. म्हणजे काय ते मला आमच्या साहेबांच्या निरोप समारंभात कळलं. सगळ्यांचा फोटो काढला, मी हसले. संध्याकाळी तो फोटो कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यात सगळे समोर बघत होते आणि मी साहेबांकडे बघून डोळा मारत होते. हसले की माझा डावा डोळा आपोआप मिटत होता. अकाउंटला बसणाऱ्या कुंदाताईंनी खाली लिहिलं, "शैलाताई, साहेब जाताना का होईना, धीर केलात!" त्यावर हसऱ्या तोंडांची रांगच लागली. कुंदाताईंच्या मनात काही नव्हतं. अकरा वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो होतो. पण मी तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्यात मला माझ्यासारखी दिसणारी, पण माझी चेष्टा करणारी कुणीतरी बाई दिसली. दुसऱ्या दिवशी मी नाकातोंडावर मास्क लावून गेले. सांगितलं, कागदाच्या धुळीची ॲलर्जी आहे. डॉक्टरांचा दाखलासुद्धा फाइलला लावला. पुढे चार वर्षांनी साऱ्या दुनियेने तेच केलं, पण आद्य मास्कधारक म्हणून माझा सत्कार अजून कुणी केलेला नाही.

मास्क लावून जेवता येत नाही, म्हणून मी रेकॉर्ड रूममध्ये एकटी जेवू लागले. लांबलचक अंधारी खोली, छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यावर तांबड्या फडक्यांत बांधलेली जुनी दप्तरं. शेकडो गठ्ठे, माझ्यासारखेच तोंड बांधून बसलेले. मी त्यांच्यात बसून भाकरी खायची आणि मला वाटायचं, कुणीतरी मागे चघळतंय. ते माझ्याच डाव्या गालाआड अडकलेल्या घासाचे आवाज असायचे. कुंदाताईंनी महिनाभर बोलावलं, मग सोडून दिलं. त्या कुणाला तरी म्हणाल्या, "शैलाताईंना आता आम्ही चालत नाही." मी ते रॅकच्या आडून ऐकलं. बाहेर येऊन खुलासा करायला एक चेहरा लागला असता.

घरीही नकला बंद झाल्या. आई विचारायची नाही. आप्पा जेवताना रेडिओ लावू लागले.

आणि अशा वेळी रंजन भेटली.

डहाणू स्टेशनासमोरून तलासरीला जाणारी जीप मी पकडत असे. आमच्याकडे उन्हाधुळीमुळे बायका-मुली स्कार्फ बांधतात, डोळे सोडून सगळं गुंडाळून. त्यामुळे मला जीप म्हणजे स्वर्ग. तिथे माझ्यात आणि इतरांत काही फरक नव्हता. आशागड मागे पडलं की एक मोरी लागते. ना घर, ना दुकान, नुसती वाडीच्या कुंपणाची रांग. हिवाळ्यात सकाळी तिथे धुकं तुंबलेलं असायचं. त्या धुक्यात डोक्यापासून गळ्यापर्यंत निळा स्कार्फ बांधलेली एक बाई उभी असायची. जीप थांबायची, ती माझ्याशेजारी चढायची, आणि तलासरीच्या अलीकडे एका आश्रमशाळेच्या फाट्यावर उतरायची. तिथे ती शिक्षिका होती. आवाज असा जाड, गोड, गूळ खाल्ल्यासारखा. आजोळ सीमेपलीकडचं, त्यामुळे मराठीत मधूनच गुजराती डोकवायची.

पहिल्याच आठवड्यात मी आमच्या ड्रायव्हरची, दत्तूची नक्कल केली. दत्तू प्रत्येक खड्ड्याची माफी मागायचा, प्रवाशांची नाही, खड्ड्याची. निळा स्कार्फ गदगदा हलला. "अरे बाप रे, शैलाबेन, परत कर ने!" मी परत केली. दीड वर्षाने कुणीतरी माझ्यामुळे हसलं होतं. त्या दिवसापासून मी जीपमध्ये पूर्वीची शैला झाले. कापडाच्या आत माझा चेहरा वाटेल तसा वेडावाकडा होत होता आणि बाहेर फक्त डोळे होते. आम्ही काय काय बोललो! तिच्या नवऱ्याचं आजारपण, तिची शाळा, माझी स्थळं, आत्याचं वारं. तिने विचारलं नाही की मी स्कार्फ का सोडत नाही. मीही विचारलं नाही. मला खात्रीच होती की ती माझ्याच जातकुळीची आहे. तिला काहीतरी लपवायचंय.

म्हणून मी एक नियम केला. माझ्या मते तो फार सभ्य नियम होता. पाणी प्यायला रंजन स्कार्फ खाली ओढायची तेव्हा मी तोंड खिडकीकडे फिरवायची. पाणी पिऊन झालं, कापडाची सळसळ थांबली की परत वळायची. माझ्यासाठी कुणी हे केलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. तब्बल दोन वर्षं मी तिचं तोंड बघितलं नाही. आणि जे बघितलं नाही ते रोज मनात रंगवलं. कधी तिला देवीचा चेहरा द्यायची, कधी काहीच नाही, कापडाखाली नुसता गुळगुळीत उंचवटा. आणि कधी, धुकं फार असलं की, वाटायचं तिच्या तोंडावर डावीकडे माझी बाजू असेल. मी हसले की ती हसते ते त्यामुळेच.

ही गंमत म्हणून आत्याला सांगितली. आत्या हसली नाही. "पाय बघितलेस तिचे?"

"आत्या, काहीतरीच काय!"

"सरळ आहेत का उलटे, एवढंच बघ. तोंड दाखवत नाही ती बाई पाय लपवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाय बघितले. सरळ होते. तपकिरी सँडल, अंगठ्याजवळ शिवलेला. पण बघितले, हे मी कबूल करते. इतकंच नाही, एका सुट्टीच्या दिवशी त्या मोरीवर मुद्दाम उतरले. एक माणूस कुंपणाशी चिकू निवडत होता. त्याला विचारलं, इथे शाळेच्या बाई राहतात ना? तो म्हणाला, "इथे? इथे कोण राहणार?" आणि पुन्हा चिकू निवडू लागला. मी वळून बघितलं तर रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा. वाडीत वारं नव्हतं, पण एकच फांदी हलत होती. कुंपणाला पलीकडच्या पाड्यावर जाणारी खिडकीएवढी वाट आहे आणि रंजन त्यातून येते, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मात्र मी साडी वर धरून अर्धा मैल पळाले.

मग तो हिवाळा आला.

पहिला धक्का आमच्या घरात दुपारी आला. मांडणी किणकिणली, खाटेखालून एक चिकू घरंगळत बाहेर आला. आम्ही चौघंही शांतपणे जेवत होतो. आप्पांनी सवयीने वेळ सांगायला तोंड उघडलं, आणि घास हातात तसाच राहिला. "या वेळेला मालगाडी नाही," ते म्हणाले.

चिकू उंबरठ्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

मोठं नुकसान होत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा. आणि तलासरीकडे तर आधी आवाज यायचा. जमिनीखाली कुणीतरी रिकामं पिंप आपटल्यासारखा, धडाड, आणि मग जमीन अंग झटकायची. पाड्यापाड्यांवर लोक घरं सोडून अंगणात, शेतात राहू लागले. मैदानात निळी ताडपत्री, त्याखाली चुली, शेळ्या, म्हातारी माणसं. घरं उघडी टाकलेली, दारं आत-बाहेर हलणारी. जीपमध्ये काही कळत नसे, कारण जीपच रोज भूकंपासारखी चालायची. रस्त्याच्या कडेचे लोक एकदम उठून उभे राहिले की आम्ही समजायचो, आत्ता झाला.

आता जे सांगते त्यावर डॉक्टरांचा विश्वास नाही. माझा अर्धा आहे. डाव्या गालाला अधूनमधून बारीक फडफड व्हायची, पाखरू कापडात अडकल्यासारखी. ती नेहमीचीच. पण त्या हिवाळ्यात ती फडफड झाली की मी तीन-चार श्वास मोजायची आणि खालून धडाड यायचं. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी नाही. पण इतक्या वेळा, की आत्याला सांगितल्यावर तिने पहिल्यांदाच समाधानाने मान डोलावली. "तुझी बाजू तिकडे आहे ना. तिला आधी कळणारच."

एका दुपारी रेकॉर्ड रूममध्ये जेवत होते. मास्क काढून रॅकवर ठेवला होता. गाल फडफडला. मग धडाड, आणि रॅक चालू लागले. खरंच चालू लागले, इंच इंच, माझ्याकडे, तांबडी तोंडं पुढे काढून. बाहेर सगळे ओरडत मैदानात पळत होते. कुंदाताई दारातून किंचाळल्या, "शैलाताई, बाहेर या!" आणि मी काय केलं? मी मास्क शोधला. तो रॅकखाली पडला होता. गुडघ्यावर बसून, डोक्यावर मणभर कागद डुगडुगत असताना, हात घालून तो काढला, झटकला, दोन्ही कानांना नीट लावला, आणि मग चालत बाहेर गेले.

संध्याकाळी हे मी रंजनला साभिनय सांगितलं. मला वाटलं, हसेल. निळा स्कार्फ हलला नाही. "तोंडापायी मरशील एक दिवस," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून पानांत गुंडाळलेला डबा काढला. हायवेवर थंडीत मडक्यात वाफवलेला कंद आणि पापडी मिळते ती. आणि तिने स्कार्फ सोडला. पाण्यापुरता खाली ओढला नाही, पुरता सोडला, घडी करून मांडीवर ठेवला. "घे ने, गरम आहे. माझ्यासोबत खा."

निळं कापड तिच्या मांडीवर मला दिसलं. मी झटकन तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हटलं, "मला भूक नाही." ती थांबली. मी विजेचे खांब मोजत राहिले. डब्याचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. माझा नियम मी किती निष्ठेने पाळला याचं मला कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसली, दत्तूशेजारी. तिसऱ्या दिवशीही. मी मागून ड्रायव्हरची नक्कल केली. तिची मान वळली नाही. मग तर मोरीवर ती दिसेनाशीच झाली. जीप सवयीने तिथे हळू व्हायची. धुकं उभं असायचं, तिच्याएवढ्याच उंचीचं, आणि जीप पुढे जायची. मी दत्तूला विचारलं, त्या निळ्या स्कार्फवाल्या बाई कुठे गेल्या? तो म्हणाला, "कोण बाई?" त्याचं लक्ष खड्ड्यात होतं, पण मला आत्याने विचारलेले पाय आठवले. मग मी माझ्या पद्धतीने हिशेब लावला. कधीतरी वाऱ्याने माझा स्कार्फ उचलला असेल. तिने बघितलं असेल. झालं. तोंड दिसलं की माणूस जातं, याचा आणखी एक पुरावा. आज वाटतं, त्या अख्ख्या हिवाळ्यात सगळ्यात भुताटकीची गोष्ट हीच होती. एकमेकींना न बघता दोघी एकमेकींच्या नजरेला घाबरत होतो.

आठ दिवस काढले. नवव्या दिवशी कचेरीतून लवकर निघून चार वाजता मी आश्रमशाळेच्या फाट्यावर उतरले. उतरून काय बोलणार ते ठरलं नव्हतं. एवढंच कळत होतं की ती गेली तर पुन्हा ती नळ वाहणारी सकाळ सुरू होणार, आणि ती मला आता सोसणार नाही.

मैदानात ताडपत्रीखाली मुलं ओळीने बसली होती, पाटीवर काहीतरी गिरवत. एकही बोलत नव्हतं. इतकी मुलं आणि इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. सगळ्यांचे कान जमिनीकडे लागलेले. एका मुलीला विचारलं, रंजनबाई? तिने बोट दाखवलं. मागे शाळेची इमारत, बैठी, कौलारू, सगळी दारं उघडी, आत कुणी नाही. "हजेरी आणायला गेल्यात."

मी व्हरांड्यात चढले. पहिला वर्ग रिकामा, फळ्यावर अर्धवट बेरीज. दुसरा रिकामा. तिसऱ्यात, कपाटासमोर, पाठमोरी एक बाई. निळा स्कार्फ नुसता खांद्यावर. वरच्या फळीवरची वही काढायला ती टाचा उंचावून उभी होती. तपकिरी सँडल, अंगठ्याजवळ शिवलेला.

आणि माझा गाल फडफडला.

मी ओरडले, "रंजन, बाहेर!" पण आवाज मास्क आणि वर दोन पदरी स्कार्फ यांतून आला तो नुसता हुंकार होऊन. ती वळली नाही. एक श्वास. तिने वही ओढली, वही अडकली होती. दुसरा श्वास. मला आठवतं, माझा हात गळ्याच्या गाठीवर गेला आणि तिथेच थांबला. एक क्षण. त्या एका क्षणाची लाज मला आजही वाटते. मग मी स्कार्फ, मास्क, पिना, सगळं एकाच हिसक्यात ओरबाडलं आणि सगळ्या तोंडाने, चांगल्या आणि वाईट दोन्ही बाजूंनी, बोंब मारली: "रंजन! बाहेर!"

ती वळली आणि खालून धडाड आलं. मी तिचा दंड धरला. व्हरांड्यात कौलं आमच्या मागे एकेक करून पडत होती, कुणीतरी पाठलाग करत यावं तशी. आम्ही मैदानात जाऊन पडलो, गुडघे फोडून, दोघी समोरासमोर. झाडावरचे सगळे कावळे वर. मग जमीन थांबली. मुलं ओळीतच बसून होती, पण आता त्यांच्या सगळ्या नजरा आमच्यावर.

मी तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ओठांभोवती, नाकपुड्यांच्या कडेला, हनुवटीवर पांढरे डाग होते, नकाशावरच्या बेटांसारखे. कोड. ऊन लागलं की ते भाजतात म्हणून ती स्कार्फ बांधायची, एवढंच. शाळेत, घरी, पाड्यावर ती उघड्या तोंडाने हिंडायची. आठ दिवस मुलांसोबत ताडपत्रीत राहत होती, म्हणून जीपला नव्हती. हे सगळं तिने नंतर सांगितलं. त्या क्षणी ती फक्त माझ्याकडे बघत होती, माझ्या वाकड्या ओठाकडे, आणि तिचे डोळे भरले.

"आता बघतेस?" ती म्हणाली. "रोज पाणी प्यायला तोंड उघडलं की खिडकीकडे वळायचीस. त्या दिवशी मुद्दाम सोडला मी स्कार्फ. म्हटलं, विचारूनच टाकू. तर तू खांब मोजत बसलीस. मला वाटलं, शैलाबेनला माझी किळस येते."

मला सांगायचं होतं की मी तुझी लाज राखत होते. मला वाटलं होतं, तू माझ्यासारखी आहेस. माझी किळस मलाच येते गं, तुझी नाही. एवढं सगळं बोलायला तोंड उघडलं. आणि तिचं ते बेटाबेटांचं, रागावलेलं, रडवेलं, अगदी खरं तोंड बघून मला इतका आनंद झाला की आतून हसू आलं. पुरतं, न आवरता, कापडाशिवाय. उजवीकडे ओठ कानापर्यंत गेला, डावीकडे अर्ध्यातच अडकला, आणि तारा जशा जोडल्या होत्या तशाच चालल्या.

रंजनचं रडणं जागीच थांबलं. तिने मुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा त्या जाड आवाजात ओरडली, "दोन वर्षं तोंड फिरवलंस, आणि आता डोळा मारतेस?"